बारा वर्षांनी पुन्हा बीजगणित: एका सत्रात जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिक्षण सुटून बारा वर्षे झाली, आता पदवीसाठी पुन्हा प्रवेश घेतला आहे आणि पहिल्याच सत्रात महाविद्यालयीन बीजगणिताचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करायचा आहे. शाळेत गणितात जेमतेम पास. सोडवलेली उदाहरणे बघताना सगळे कळते, पण वही उघडून स्वतः बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. एका सत्रात जमेल का, तयारी कुठून सुरू करायची, आणि वर्गात बसून शिकावे की ऑनलाइन?

हा अभ्यासक्रम मी वीसहून अधिक वर्षे शिकवतो आहे आणि तुमच्यासारखे मोठ्या खंडानंतर परतलेले विद्यार्थी माझ्या वर्गात दरवर्षी असतात. जमेल. मात्र घाम कुठे गाळायचा ते आधी ठरवा, कारण बरेच जण तो भलत्याच जागी गाळतात. सूत्रे पाठ करण्यात दोन महिने घालवतात आणि शेवटी गुण जातात ते अपूर्णांकांत, कंसापुढच्या वजा चिन्हात आणि '=' या दोन रेघांचा अर्थ नीट न कळल्यामुळे.

अभ्यासाआधी एक चौकशी करा: तुमच्या पदवीला नेमका हाच अभ्यासक्रम लागतो का? पुढे कलन (कॅल्क्युलस) शिकायचे असेल तर बीजगणिताला पर्याय नाही. पण पुढे फक्त आकडेवारी वाचायची, सर्वेक्षणे समजून घ्यायची असा मामला असेल, तर पुष्कळ ठिकाणी प्राथमिक संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम चालतो आणि तो अशा विद्यार्थ्याला जास्त उपयोगीही पडतो. नुसते 'गणिताचा एक विषय हवा' एवढे ऐकून बीजगणिताला नाव घालणारे मी खूप पाहिले आहेत. पातळी ठरवणारी चाचणी असेल तर ती प्रामाणिकपणे द्या. आदल्या रात्री घोकंपट्टी करून वरची पातळी मिळवलीत, तर तिसऱ्या आठवड्यात वर्ग पुढे गेलेला असेल आणि तुम्ही अपूर्णांकांशीच झगडत असाल. चाचणीने एक पायरी खाली टाकले तर मुकाट्याने ती पायरी चढा. आणि सुट्टीतला सहा-आठ आठवड्यांचा दाबून बसवलेला वर्ग बारा वर्षांच्या खंडानंतर घेऊ नका. त्यात विषय तेवढाच असतो, फक्त चूक कळायला आणि ती सुधारायला जो मधला वेळ लागतो तो मिळत नाही.

आता गणिताकडे वळू. तुमच्या पुस्तकात रोमन अक्षरे असतील. मी इथे अज्ञातासाठी क्ष आणि य, आणि ठरलेल्या संख्यांसाठी अ, ब, क लिहितो.

पहिला खड्डा ऋण चिन्हाचा. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले, तेव्हा शब्दच असे वापरले की धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. तेच शब्द आपण आजही वापरतो, पण त्यांच्याकडे लक्ष देत नाही. डोक्यावरचे आठचे कर्ज कोणी काढून घेतले, तर तुम्ही आठने सुधारलात. −(−८) म्हणजे +८ हे यातच आले, त्यासाठी 'वजा वजा अधिक' असा मंत्र लागत नाही. आता हे पाहा:

५ − २(क्ष − ४)

दरवर्षी वर्गात याची तीन उत्तरे येतात. काही जण ५ मधून २ आधी वजा करतात आणि ३(क्ष − ४) लिहितात. काही जण कंस सोडवताना ५ − २क्ष − ८ लिहितात. बरोबर उत्तर ५ − २क्ष + ८, म्हणजे १३ − २क्ष. कोणते बरोबर हे शिक्षकाला विचारायची गरज नाही. क्ष च्या जागी ४ घाला. मूळ राशीत कंस शून्य होतो, म्हणून किंमत ५ यायला हवी. पहिल्या उत्तरात ० येते, दुसऱ्यात −११, तिसऱ्यात ५. झाला निकाल. ही सवय पहिल्या आठवड्यात लावून घेतलीत तर निम्मा अभ्यासक्रम सुसह्य होईल: शंका आली की अक्षराच्या जागी एखादी साधी संख्या घालून बघायची. ० आणि १ शक्यतो टाळा (वर मी घातलेला ४ कंस शून्य करतो म्हणून सोयीचा होता, पण एरवी २, ३, ५ या संख्या चांगल्या), कारण ० आणि १ घातल्यावर पुष्कळ चुकीच्या गोष्टीसुद्धा खऱ्या वाटतात.

याच तपासणीने तीन कुप्रसिद्ध चुका मारता येतात. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² नव्हे: ३ आणि ४ घाला, एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. √(अ² + ब²) म्हणजे अ + ब नव्हे: त्याच संख्यांनी ५ येतात, ७ नाही. आणि (क्ष + ६)/६ मधले ६ एकमेकांत उडवता येत नाहीत: क्ष = ६ घातले तर उत्तर २ येते, ६ नाही. मुळात 'उडवणे' हा शब्दच मला आवडत नाही. भागाकारात जे उडते ते गुणलेले असावे लागते, बेरजेतले पद उडत नाही. शिवाय −३² आणि (−३)² यांतला फरकही एकदा कागदावर लिहून ठेवा: पहिल्याचे उत्तर −९, दुसऱ्याचे ९. कॅल्क्युलेटरवर कंस न टाकल्यामुळे इथे गेलेले गुण मोजले तर वही भरेल.

अपूर्णांकांचे सांगायचे तर, सत्र सुरू होण्याआधी तुमच्याकडे तीन-चार आठवडे असतील तर ते सगळे अपूर्णांकांनाच द्या. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, लसावि, आणि तेही कॅल्क्युलेटरशिवाय. लाज वाटते, मला कल्पना आहे. चाळिशीतल्या एका विद्यार्थिनीने मला सांगितले होते की ती मुलाची पाचवीची वही त्याच्या नकळत सोडवायची. त्या सत्रात वर्गात सगळ्यांत कमी चुका तिच्या होत्या.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतले. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ मध्ये छापले. दोन समांतर रेघा त्याने निवडल्या, कारण त्याच्या मते त्यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. आपण मात्र शाळेत '=' चा अर्थ 'आता उत्तर लिही' असा शिकतो. म्हणून वहीत अशी ओळ दिसते: ५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२. करणाऱ्याच्या डोक्यातला हिशोब बरोबर आहे, पण लिहिलेले साफ खोटे आहे, कारण ५ + ३ म्हणजे १२ नव्हेत. अंकगणितात हे खपून जाते. बीजगणितात खपत नाही, कारण तिथे पुढची प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या खरेपणावर उभी असते.

बीजगणितात तुम्ही दोनच प्रकारची कामे करता. एक, राशी तीच ठेवून तिचे रूप बदलणे. दोन, समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर तीच क्रिया करणे. आपण आत्ता यांपैकी काय करतो आहोत हे प्रत्येक ओळीला माहीत असले पाहिजे. उदाहरणार्थ,

क्ष/२ + क्ष/३ सरळ रूप द्या.
क्ष/२ + क्ष/३ = १० सोडवा.

दुसऱ्यात दोन्ही बाजूंना ६ ने गुणले की ३क्ष + २क्ष = ६०, म्हणून क्ष = १२. पडताळा: ६ + ४ = १०. ठीक. पहिल्यात मात्र ६ ने गुणण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, कारण तिथे दुसरी बाजूच नाही. गुणले तर वेगळीच राशी तयार होते. तिथे उत्तर ५क्ष/६. परीक्षेत पहिल्या प्रश्नाला '५क्ष' लिहून येणारे विद्यार्थी हुशार असतात, मेहनती असतात, त्यांना फक्त कोणी सांगितलेले नसते की हे दोन वेगळे खेळ आहेत. सत्राच्या सुरुवातीला मी सगळ्यांना एक काम देतो: पुस्तकातल्या पन्नास प्रश्नांपुढे फक्त 'राशी' किंवा 'समीकरण' एवढेच लिहून आणा, सोडवू नका. सुरुवातीला हसतात. दहाव्या प्रश्नाशी अडखळतात.

दोन्ही बाजूंवर तीच क्रिया करतानाही प्रत्येक क्रियेची एक अट असते. क्ष² = ५क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना क्ष ने भागले तर क्ष = ५ मिळते आणि क्ष = ० हे उत्तर हरवते. भागताना भाजक शून्य असू शकतो का, हा प्रश्न विचारलाच नाही म्हणून ते हरवले. सगळे एका बाजूला आणा, क्ष(क्ष − ५) = ० लिहा, दोन्ही उत्तरे हाती लागतात. अवयव पाडण्याची सारी पद्धत एका गोष्टीवर टेकलेली आहे: दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्यच असते. हे फक्त शून्याबाबत खरे आहे. म्हणून (क्ष − २)(क्ष − ३) = ६ पाहून क्ष − २ = ६ लिहिणे चूक. कंस सोडवा: क्ष² − ५क्ष + ६ = ६, म्हणजे पुन्हा क्ष(क्ष − ५) = ०. उत्तरे ० आणि ५. ० घालून बघा: (−२)(−३) = ६. खरे आहे.

वर्ग करताना याच्या उलट होते, तिथे नको असलेली उत्तरे आत शिरतात. √(क्ष + ६) = क्ष घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणजे (क्ष − ३)(क्ष + २) = ०. उत्तरे ३ आणि −२. पण −२ मूळ समीकरणात घाला: डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. जमत नाही. २ आणि −२ या वेगळ्या संख्यांचे वर्ग सारखे असल्यामुळे वर्ग करताना माहिती पुसली गेली, तेवढीच ही घुसखोरी. उत्तर फक्त ३. असमतेतही तेच: −२क्ष > ६ मध्ये −२ ने भागताना चिन्ह फिरते आणि क्ष < −३ येते, कारण ऋण संख्येने गुणले वा भागले की संख्यारेषेवरचा क्रमच उलटतो. २ हा ५ पेक्षा लहान आहे, पण −२ हा −५ पेक्षा मोठा. नियम विसरलात तर हे एक उदाहरण आठवा, नियम परत मिळेल.

वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ करावेच लागेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते येते कुठून हे एकदा हाताने करून पाहा, आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या पूर्ण वर्ग पद्धतीपेक्षा श्रीधराचार्यांची रीत मला जास्त आवडते. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत आपल्यापर्यंत आली ती भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात ती उद्धृत केली म्हणून. रीत अशी: वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. २क्ष² + ३क्ष = ५ घ्या. ८ ने गुणले:

१६क्ष² + २४क्ष = ४०
१६क्ष² + २४क्ष + ९ = ४९
(४क्ष + ३)² = ४९
४क्ष + ३ = ७ किंवा ४क्ष + ३ = −७

म्हणून क्ष = १ किंवा क्ष = −५/२. वाटेत अपूर्णांक एकदाही आडवा आला नाही. नेहमीच्या रीतीत आधी २ ने भागायचे, मग ३/४ चा वर्ग मिळवायचा, आणि अपूर्णांकांना घाबरणारा तिथेच खचतो. २ आणि ३ च्या जागी अ आणि ब, आणि उजवीकडच्या ५ च्या जागी −क ठेवून (म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० साठी) हेच पुन्हा केले की सूत्र आपोआप समोर येते, आणि ब² − ४अक हा विवेचक, म्हणजे सूत्रातली वर्गमुळाखालची राशी, कुठून उगवला हेही दिसते.

शाब्दिक उदाहरणांना सगळे घाबरतात. त्याचे एक कारण माझ्या मते अक्षराचा अर्थच चुकीचा धरला जातो हे आहे. हे करून पाहा: 'एका महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या सहापट आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व, शिक्षकांची संख्या श. समीकरण लिहा.' चांगले चांगले लोक ६व = श लिहितात. वाक्यात 'सहा' आणि 'विद्यार्थी' जवळ आले, म्हणून ते जवळ लिहिले. पण श = १० घातले तर विद्यार्थी ६० हवेत, म्हणजे व = ६श. चुकणाऱ्याच्या डोक्यात 'व' म्हणजे 'विद्यार्थी' ही वस्तू असते, विद्यार्थ्यांची संख्या नसते. जुने भारतीय गणिती अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणत, जितके असेल तितके. दुसरे, तिसरे अज्ञात आले की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. 'यावत्तावत्' हा शब्द मला फार अचूक वाटतो. क्ष म्हणजे मीठ नव्हे, पाणी नव्हे. क्ष म्हणजे 'इतके लिटर'. म्हणून पहिली ओळ नेहमी पूर्ण वाक्यात आणि एककासह लिहा.

आणि पहिली ओळ सुचतच नसेल तर? तुमची मूळ तक्रार तीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. समीकरण मांडू नका, उत्तर ठोकून द्या. समजा प्रश्न असा: २० टक्के आणि ५० टक्के मिठाची द्रावणे मिसळून ३० टक्क्यांचे ६० लिटर द्रावण हवे, प्रत्येकी किती घ्यावे? अंदाज करा: पहिले ३० लिटर. मग दुसरे किती? ६० − ३०, म्हणजे ३०. मीठ किती? ३० चे २० टक्के ६, ३० चे ५० टक्के १५, एकूण २१. हवे किती? ६० चे ३० टक्के, १८. अंदाज चुकला, पण काम झाले. आता तोच हिशोब शब्दशः पुन्हा लिहा, फक्त अंदाजाच्या ३० च्या जागी क्ष ठेवा:

०.२क्ष + ०.५(६० − क्ष) = १८

०.२क्ष + ३० − ०.५क्ष = १८, म्हणून ०.३क्ष = १२, क्ष = ४०. पहिले ४० लिटर, दुसरे २०. मीठ ८ + १० = १८. अंदाज तपासायची जी पायरी तुम्ही आकड्यांत केली, तिचेच अक्षरांतले रूप म्हणजे समीकरण. अट एकच, आकडेमोड करताना ६० − ३० असे लिहायचे, थेट ३० लिहायचे नाही. नाहीतर क्ष कुठे बसवायचा ते कळणार नाही.

सत्राच्या मध्यावर फल (फंक्शन) ही कल्पना येईल, आणि खरे सांगायचे तर संपूर्ण अभ्यासक्रमात शाळेपेक्षा खरोखर नवे असे तेवढेच आहे. फ(क्ष) हा फ आणि क्ष यांचा गुणाकार नाही, एवढे आधी मनावर कोरा. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर मी क्ष पुसून तिथे रिकामी चौकट काढायला सांगतो:

फ(▢) = (▢)² − ३(▢)

चौकटीत जे येईल ते सगळीकडे कंसासकट जाते. फ(−२) म्हणजे (−२)² − ३(−२) = ४ + ६ = १०. फ(क्ष + ह) म्हणजे (क्ष + ह)² − ३(क्ष + ह). फ(क्ष) + ह नव्हे. पुढे फ(क्ष + ह) मधून फ(क्ष) वजा करून ह ने भागायला सांगतील, आणि सगळे नीट केले तर २क्ष + ह − ३ उरते. हा प्रश्न विद्यार्थ्यांना विनाकारण छळणारा वाटतो. पण कलन शिकायला गेलात तर पहिल्या काही आठवड्यांत हेच समोर येते, तेव्हा इथे हात बसवून घ्या. आलेख काढताना फलाचा आलेख आणि त्याचे सूत्र ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत हे सारखे तपासत राहा. (२, ३) आणि (५, ९) मधून जाणाऱ्या रेषेचा चढ (९ − ३)/(५ − २) = २, समीकरण य = २क्ष − १, आणि मग क्ष = ५ घालून ९ येतात का ते बघा. अंशात ९ आधी घेतला तर छेदात ५ आधी; हा क्रम उलटसुलट झाला की चढाचे चिन्ह बदलते. बाकी रेषांमध्ये फारसे काही नाही.

शेवटी घातांकी फले आणि लॉग. लॉगला लोक उगाच घाबरतात. लॉग म्हणजे एक प्रश्न: '२ चा कितवा घात ८?' तिसरा, म्हणून २ या पायावर ८ चा लॉग ३. घातांकांचे नियम येत असतील तर लॉगचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत: गुणाकारात घातांकांची बेरीज होते, म्हणून गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज. बेरजेच्या लॉगला मात्र कोणताही नियम नाही, तो शोधू नका. दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढणारी रक्कम दुप्पट कधी होईल, म्हणजे १.०७ चा कितवा घात २, याचे उत्तर २ चा लॉग भागिले १.०७ चा लॉग, साधारण १०.२ वर्षे. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगची कोष्टके छापली ती अवजड गुणाकार टाळण्यासाठी. आज तो उपयोग उरला नाही, पण घातांकात अडकलेला क्ष खाली उतरवायला दुसरे सरळ साधन नाही.

आता अभ्यास कसा करायचा. 'बघताना कळते, करताना सुचत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. दोष बराचसा आम्हा शिकवणाऱ्यांचा. सुरुवातीची काही वर्षे मी फळा सुरेख भरायचो आणि 'समजले?' विचारायचो. सगळे मान डोलवायचे. एके दिवशी सहज फळा पुसला आणि म्हटले, आत्ता केलेलेच उदाहरण वहीत करा. अर्ध्याहून जास्त वर्ग दुसऱ्या ओळीवर अडकला. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता, बघताना पुढची ओळ कोणीतरी निवडून देत होते आणि ती निवड हेच तर सगळे काम. तेव्हापासून मी हेच करायला लावतो आणि तुम्हीही करा: सोडवलेले उदाहरण वाचा, झाका, कोऱ्या कागदावर करा. अडलात तर फक्त एक ओळ उघडा, पुन्हा झाका. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण पुन्हा, न बघता. व्हिडिओ बघत असाल तर शिक्षकाने प्रश्न लिहिला की थांबवा.

रोज निदान पाऊण तास, आठवड्यात सहा दिवस. रविवारी एकदम पाच तास बसून भागत नाही, मधल्या दिवसांत सगळे सांडून जाते. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास धरा, आणि मोठ्या खंडानंतर परतला आहात म्हणून पहिल्या महिन्यात तीन. एकाच प्रकारची तीस गणिते एका बैठकीत करू नका. दहा करा, मग मागच्या दोन धड्यांतली पाच मिसळा. धड्याच्या शेवटच्या गणितांत कोणती रीत वापरायची हे धड्याचे नावच सांगत असते. परीक्षेत ते कोणी सांगत नाही.

दुसरी वही चुकांची करा. चुकलेले गणित, चुकलेली ओळ, आणि ती का चुकली याचे एक वाक्य. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्या वहीत चालणार नाही. 'कंसापुढचे −२ दुसऱ्या पदाला लावले नाही' असे लिहा. महिन्याभराने वही उघडलीत तर दिसेल की तुम्ही शंभर प्रकारे चुकत नाही, चार-पाच प्रकारेच चुकता, आणि ते चार-पाच प्रकार ओळखीचे झाले की हात आपोआप तिथे सावध होतो. फोनने फोटो काढून पायऱ्यांसह उत्तर देणारी अ‍ॅप्स आहेत. वापरू नका असे मी म्हणत नाही, म्हटले तरी कोण ऐकणार. पण आधी स्वतःचे पूर्ण गणित कागदावर, मग अ‍ॅप, आणि फरक दिसला तर तो चुकांच्या वहीत.

वर्ग की ऑनलाइन? तुमच्या परिस्थितीत जमत असेल तर वर्ग. ऑनलाइन वर्गात बहुधा यंत्र फक्त अंतिम उत्तर तपासते, तुमची तिसरी ओळ कोणी वाचत नाही, आणि तुमच्या चुका नेमक्या तिसऱ्या ओळीत आहेत. नोकरीमुळे ऑनलाइनच घ्यावे लागले तर आठवड्यातून एकदा तरी कागदावर केलेली दोन-तीन गणिते शिक्षकाला दाखवायची सोय आहे का ते नाव घालण्याआधी विचारा. मदत मागायला जाताना 'मला हा धडा कळला नाही' असे म्हणू नका, त्यावर शिक्षक धडा पुन्हा सांगेल आणि तुम्ही पुन्हा मान डोलवाल. अर्धवट सोडवलेले गणित घेऊन जा आणि 'इथपर्यंत आलो, पुढची ओळ का सुचत नाही' असे विचारा. पहिली चाचणी वाईट गेली तर त्याच आठवड्यात जा. मी पाहिलेले बहुतेक सोडून गेलेले विद्यार्थी पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या काळात गप्प झालेले होते.

परीक्षेत पायऱ्या लिहा, उत्तराचे गुण गेले तरी पायऱ्यांचे मिळतात. आधी येणारी गणिते उरका. प्रत्येक समीकरणाचे उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला शेवटची दहा मिनिटे राखून ठेवा, आणि पडताळा जमला नाही तर सगळे खोडू नका; पहिले वजा चिन्ह असलेल्या ओळीपासून खाली वाचत या, चूक बहुधा तिथेच सापडते.